मामंजींनी भोगलेली चार वर्षांची शिक्षा

माझ्या सासऱ्यांना मी एकदा चार वर्षांची शिक्षा लावली, आणि तीही त्यांच्याच तोंडून.

सासरे, म्हणजे आमचे मामंजी, पलटणीत हवालदार होते. मोठ्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन धडधाकट परत आले आणि जबलपुरात सराफ्यामागच्या गल्लीत घरी बसले. बसले म्हणजे काय, रोज सकाळी ओट्यावरून अख्ख्या गल्लीला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. (औषधांच्या जाहिरातींसकट! काही म्हाताऱ्या तर फक्त जाहिरातींसाठी यायच्या.) आणि अशा माणसाच्या पलटणीच्या कागदावर शेरा होता, 'निरक्षर'!

त्याचं असं झालं. पलटण सोडताना कागद भरायला काशीकडचा एक बाबू बसला होता, शुद्ध हिंदीचा मोठा शौकीन. त्यानं विचारलं, "शिक्षा?" मामंजींची हिंदी छावणीतली. त्यांना 'पढाई' कळे, 'सजा' कळे. 'शिक्षा' मात्र घरच्या मराठीतलीच ठाऊक. त्यांनी छाती काढून सांगितलं, "बिलकुल नहीं! पूरी नौकरी में एक बार भी नहीं!" बाबूनं कीव करत लिहून टाकलं. मामंजी त्याला कडक सलाम ठोकून घरी आले.

आता त्यांना सरकारी गोदामात जमादाराची जागा मिळत होती. अट एकच, लिहिता-वाचता आलं पाहिजे आणि तसं कागदावर दिसलं पाहिजे. घरी बसून मामंजी पार आंबून गेले होते. सकाळी उठून कोट चढवायचे, बटणं लावायचे आणि पुन्हा ओट्यावरच जाऊन बसायचे. ही जागा गेली तर या वयात दुसरी कुणी देणार नव्हतं. सोमवारी जागा भरणार होते, आणि शनिवारी छावणीतल्या दफ्तरात साहेबापुढं उभं राहून कागद दुरुस्त करून घ्यायचा, एवढाच मार्ग उरला होता. घरात कुणाला घास गोड लागेना.

मी मास्तर. अमरावतीहून इथल्या मराठी शाळेत आलेलो, लग्न ताजं, आणि हिंदीचं एक व्याकरण कोळून प्यालेलो. घोळ माझ्याच ध्यानात आला.

"मामंजी, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण!"

"अच्छा! अन् पढाई कशाले म्हणतात मग?"

"तेही शिक्षणच."

"मग सीधं पढाई म्हणायचं सोडून शिक्षा काहून म्हणून राहिला होता तो?"

सासूबाई चुलीपासून ओरडल्या, "जावईबापू, तुम्ही तरी पढाई म्हणा न! त्यात काय बिघडते?"

"छे छे! पढाई हा बाजारातला शब्द. दफ्तरात वजनदार शब्द लागतो," असं मी म्हणालो. (कुठून बुद्धी झाली कोण जाणे!) आणि मामंजींकडून वाक्य घोटून घेतलं, "मैंने चार साल शिक्षा पाई है, हुजूर!" ते बिचारे दाढी करताना म्हणत, विहिरीवर म्हणत. एकदा तर वरण मागायच्या ऐवजी सासूबाईंनाच हुजूर म्हणाले.

शनिवारी मामंजींनी पदकं घासून-पुसून छातीवर लावली आणि आम्ही दफ्तरात हजर झालो. काशीचा बाबू बदलून गेला होता. त्याच्या जागी नवा बाबू होता, बारीक मिशांचा, डोळे वटारलेला. त्याची हिंदी अशी अडखळत यायची की मला वाटलं, हा मद्रासकडचा असणार. पलीकडं गोरा साहेब घड्याळ बघत बसला होता.

"बोलो," बाबू म्हणाला.

मामंजींनी टाचा जुळवल्या. "मैंने चार साल शिक्षा पाई है, हुजूर!"

बाबूची लेखणी थांबली. "चार साल? किसने दी?"

"सरकार ने!" (शाळा सरकारीच होती. खोटं काय त्यात?)

"कहाँ?"

"भंडारा में, हुजूर! एक कोठरी में हम चालीस जन! रोज छड़ी पड़ती थी!"

मी मागून हळूच 'शाबास' म्हटलं. मामंजींना जोर चढला.

"फिर छूटा कैसे?"

"छूटा नहीं, हुजूर, खिड़की से भाग आया! और सीधा पलटन में भरती!"

मधली सात-आठ वर्षं गाळली तर तेही अक्षरशः खरं होतं. पाचवीचा मास्तर फार मारका आहे असं ऐकून मामंजींनी खिडकीतून उडी टाकली होती. पण बाबूचा चेहरा पांढरा पडला. तो साहेबाशी इंग्रजीत भराभरा बोलू लागला, आणि त्यातले 'जेल' आणि 'कन्व्हिक्ट' हे दोन शब्द मला नेमके कळले. साहेब उठून उभा राहिला. दारात दोन शिपाई आले. साहेबानं मामंजींच्या छातीकडं बोट दाखवलं आणि मग टेबलाकडं.

पदकं उतरवायची! मामंजींनी ती एकेक काढली. बसऱ्याला गोळ्यांत उभा राहिलेला माणूस तो, पण शेवटच्या पदकाची पिन काही निघेना. नोकरी गेली ती गेलीच, आता म्हाताऱ्याची अब्रूही चालली, आणि घरी जाऊन सासूबाईंना सांगायचं काय? काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हणून मी बोललो, आणि उरलंसुरलंही घालवलं!

"साहब, इनका दोष नहीं! शिक्षा तो मैं भी देता हूँ!"

"तुम?" बाबू किंचाळला. "किसको?"

"छोटे-छोटे बच्चों को! रोज! उनके माँ-बाप खुद लाकर छोड़ते हैं!"

एक शिपाई माझ्या मागं येऊन उभा राहिला. तरी माझं तोंड काही थांबेना. "हुजूर, मैंने इनको सिखाने की बहुत चेष्टा की! अब साहब के सामने भी चेष्टा ही कर रहा हूँ..."

(हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. व्याकरणात स्पष्ट दिलं आहे!)

बाबूनं टेबलावर दाणकन हात आपटला. "चेष्टा? साहेबांची चेष्टा करतोस, गाढवा?"

मग मामंजी माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "जावईबापू, हा तर आपलाच माणूस आहे न!"

नवा बाबू साताऱ्याकडचा निघाला!

मग मामंजींचा बांध फुटला. "अहो बाबूजी, शाळा! शाळा शिकलो मी, चवथीपर्यंत! पळालो तो शाळेतून बापा, तुरुंगातून नाही! ही शिक्षा बिक्षा सगळी या मास्तरनं भरवली माझ्या तोंडात!"

बाबू आधी माझ्याकडं, मग मामंजींकडं बघत राहिला, आणि एकाएकी असा हसत सुटला की टोपी पडली. साहेब मात्र हसला नाही. खरं-खोटं तो कशावरून ठरवणार? त्यानं फर्मावलं, माणूस शिकलेला आहे ना, मग इथं, आत्ता लिहून दाखवू दे. पदकं अजून टेबलावरच होती. शिपाईही हलले नव्हते.

"काय लिहू?" मामंजींनी विचारलं.

"आज इथं काय झालं, ते लिहा. एका ओळीत," बाबू म्हणाला.

मामंजींनी टाक दौतीत बुडवला, थोडा विचार केला आणि गोल, ठसठशीत अक्षरात ओळ लिहिली. बाबूनं ती मोठ्यानं वाचली: "जावई घरी राहिला असता तर हे काम आल्याबरोबर झालं असतं."

बाबूनं ती ओळ इंग्रजीत सांगितल्यावर मात्र साहेब हसला. पदकं उचलून त्यानं स्वतः मामंजींच्या हातात दिली. मामंजींचे डोळे भरून आले, माझेही. शिक्का कागदावर येणार, एवढ्यात साहेबाला कायदा आठवला. हा मजकूर खरा असल्याबद्दल कुणा सुशिक्षित माणसाची साक्ष पाहिजे! बाबूनं खोलीभर नजर फिरवली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

मामंजींची नोकरी माझ्या सहीवर अडली होती. मी टाक घेतला, खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'वरील मजकूर तंतोतंत खरा आहे', आणि सही ठोकली. मराठीत!