पटाच्या बैलांचा भाव

कचेरीत मी एकतीस वर्षं नोकरी केली, आणि तिथले सांगण्यासारखे किस्से मोजून तीन निघतात. त्यातले दोन चहाचे आहेत. उलट आमच्या रंगनाथकाकांकडं पटाची बैलजोडी होती ती जेमतेम सात वर्षं, पण तिचे किस्से सरता सरत नाहीत. कचेरीच्या फाइली निदान उंदीर तरी खातात. किस्से कोणी खात नाही. ते वाढतच जातात!

नव्या पिढीसाठी थोडं सांगायला हवं. पट म्हणजे बैलांची शर्यत. सरळ मैदान, काटक्यांसारखा हलका छकडा, शेजारी शेजारी दोन जोड्या. खाली बसलेला माणूस उठून उभा राहीपर्यंत निकाल लागलेला असतो. तेवढ्यासाठी दोन बैल वर्षभर पोसायचे. त्यांना औत नाही, मोट नाही, बाजारची गाडी नाही. कामाला लावलं की चाल बिघडते, म्हणे. थोडक्यात, गोठ्यात उभे राहून खाणं आणि वर्षातून चार वेळा पळणं, एवढीच त्यांची नोकरी. पगार मात्र आमच्या तहसीलदारापेक्षा जास्त!

ही गोष्ट संस्थानी अमलातली, गाव हसनाबाद. मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत नवा कारकून होतो आणि शुक्रवारच्या सुट्टीला गावी यायचो. काकांच्या बैलांची नावं वजीर आणि पाखऱ्या. वजीर पांढरा आणि गंभीर. पाखऱ्या कबरा आणि अत्यंत अविचारी.

\*\*\*

पेरणीच्या आधी काकांना दरवर्षी एक लाजिरवाणं काम करावं लागे. शेजारच्या शेताचे मालक किसन पाटील. त्यांच्याकडं जाऊन औत आणि बैल मागायचे.

पाटलांना ही संधी वर्षातून एकदाच मिळायची. ते चार माणसं जमेपर्यंत विषय लांबवायचे आणि मग मोठ्यानं विचारायचे, “रंगनाथराव, गोठ्यात असे हत्तीसारखे दोन बैल उभे अन् औत माझं मागून राह्यले?”

एका वर्षी काका शांतपणे म्हणाले, “पाटील, तुमच्या घरी जावई आले तर त्यांना वखरावर धाडता का?”

पाटलांनी औत दिलं. त्यांचे दोन जावई तेव्हा घरीच होते आणि सहा महिने झाले तरी हललेले नव्हते.

\*\*\*

जोडीच्या खुराकाचं काकूनं कधी नाव काढू दिलं नाही. म्हणजे आम्ही काढलं की ती उठून जायची. गूळ, जवस, हरभऱ्याची भरड, दूध आणि वर तूप. घरात माणसांच्या पोळीला तूप लावताना वाटीत बोट बुडे; बैलांसाठी तांब्या असे.

पण खरी अडचण अंड्यांची होती. पटाच्या बैलाला अंडी चारतात. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा परसात जाऊन उच्चारावा लागे. त्यावर काकांनी उपाय काढला. जोडीचा छकडा हाकणारे चांदभाई गावाच्या खालच्या अंगाला राहत. धंदा शिंप्याचा, अंगानं कापडाच्या पट्टीएवढे. रोज सकाळी बैल चांदभाईंच्या दारापर्यंत ‘पाय मोकळे करायला’ जाऊ लागले.

आठवडाभरानं काकूनं विचारलं, “अहो, हे फिरून आले की यांच्या तोंडाला कसला वास येऊन राह्यला?”

“खालच्या आळीची हवाच तशी आहे.”

 दुसऱ्या दिवशी बैल परतले तेव्हा काकू गोठ्याच्या तोंडाशी गोमूत्राची वाटी घेऊन उभी होती. तिनं दोघांवर शिंपडलं, आत घेतलं, आणि मग काकांवरही शिंपडलं!

पुढं जोडी होती तोवर हा कार्यक्रम रोज चालला. बैल आणि काका, दोघांनाही सवय झाली.

\*\*\*

पट जिंकला की बक्षीस मिळे फेटा आणि पितळी घागर. जोडी जिंकत गेली तसे काकांचे फेटे वाढले. रोज वेगळा बांधून ते देवळापर्यंत जाऊन येत. घागरी स्वयंपाकघरात ओळीनं लागल्या.

आमच्या मळ्यातली विहीर मात्र उन्हाळा लागला की आटायची. ती खोल करून दगडी बांधून काढायची, हे काकूचं एकच मागणं होतं. चैत्रापासून तिला पाटलांच्या विहिरीवरून पाणी आणावं लागे, आणि पाटलीणबाई रोज न चुकता विचारायच्या, “औंदा तरी खांदायली का विहीर?”

सातवी घागर आली त्या शुक्रवारी मी घरीच होतो. काकांनी ती गोठ्यापाशीच काकूपुढं ठेवली. काकूनं आत डोकावून पाहिलं.

“घागरी झाल्या सात. आता तुमच्या वजीराला म्हणावं, पाणीबी पळून आण.”

काका ओसरीवर येऊन बसले. फेटा सोडता सोडता मला म्हणाले, “बराबर बोलली. पण बैलांसमोर बोलायला नको होतं.”

\*\*\*

चांदभाई छकड्यावर उभे राहून हलकेच म्हणायचे, “चलो, सरकार!” एवढ्यावर जोडी सुटायची. ना चाबूक, ना टोचायची आरी. गावात एवढ्या अदबीनं कोणी तहसीलदाराशीही बोलत नव्हतं.

एकदा धावड्याच्या पटाला ऐन वेळी चांदभाईंना हिवताप भरला. गोधडी पांघरून ते मैदानाच्या कडेला कुडकुडत बसले. दुसरा हाकणारा मिळेना. शेवटी काका स्वतः छकड्यावर चढले. वजन चांदभाईंच्या दुप्पट, डोक्यावर पाचव्या पटाचा फेटा.

काकांनी मराठीत सांगून पाहिलं. बैल ढिम्म. शेजारची जोडी सुटली. लोक हसायला लागले. काकांनी घाईघाईनं आवाज बारीक केला आणि म्हणाले, “चलो, सरकार!”

सरकार गेले. काका तिथंच राहिले!

रिकामा छकडा घेऊन जोडी वीस पावलं मागून सुटली आणि पुढची जोडी गाठून रेषेपार झाली. पंचांत वाद पेटला. हाकणारा नाही, मग जिंकलं कोण? धुळीतून उठत काका पंचांपाशी आले. “पट बैलांचा की माणसांचा? माणसांचा असेल तर मी हरलो. बैलांचा असेल तर घागर आणा.”

घागर आली. गोधडीतून चांदभाई म्हणाले, “काका, अगली बार मैं भी नीचेच रहता!”

\*\*\*

त्या काळी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचं सामान पुढच्या मुक्कामी पोचवायला गावातल्या गाड्या-बैल धरायचे, अशी वेठ होती. नकार देण्याची सोय नव्हती. एका अंमलदाराच्या दौऱ्यात पाटलांनी मुद्दाम काकांच्या जोडीचं नाव सांगितलं.

काका हात जोडून म्हणाले, “हुजूर, यांना चालायला येत नाही.”

“बैल को चलना नहीं आता?” अंमलदार हसले. “आज सीख जाएंगे.”

जड गाडीला वजीर-पाखऱ्या जुंपले. साहेबांची पेटी, पलंग, हुक्का, कोंबड्यांची खुराडी, सगळं वर चढलं. इथवर ठीक होतं. पण दुसरी सामानाची गाडी त्यांच्या शेजारी आणून उभी केली. आता आमच्या बैलांना जगात एकच गोष्ट ठाऊक होती. शेजारी दुसरी जोडी येऊन उभी राहिली, की पळायचं!

साहेब घोड्यावरून मुक्कामी पोचले तेव्हा गाडी केव्हाच येऊन उभी होती. सामान तेवढं वाटेत होतं. पलंग ओढ्यात सापडला, हुक्का बाभळीवर. कोंबड्या तर पुढच्या वर्षीपर्यंत त्या वाटेवरच्या वस्त्यांवर अंडी घालत होत्या.

साहेबांनी संतापून हुकूम लिहिला. उर्दू येत असल्यामुळं तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मजकूर एका ओळीचा होता: हे बैल कोणत्याही सरकारी कामाच्या लायकीचे नाहीत. खाली सही, शिक्का.

काकांनी तो कागद जालन्याला नेऊन काचेत बसवला आणि ओसरीवर टांगला.

पाटील म्हणाले, “रंगनाथराव, ही शिवी हाय शिवी!”

“असू द्या. सरकारच्या कामाला नालायक, असं सही-शिक्क्याचं लेखी अख्ख्या तालुक्यात आणखी कोणाकडं आहे, दाखवा!”

नव्हतं. जोडीची वेठ कायमची सुटली आणि बाजारात तिचा भाव शंभरानं चढला. मला एकतीस वर्षांत असलं सर्टिफिकेट मिळालं नाही. नाहीतर मीही पळालो असतो.

\*\*\*

भावावरून आठवलं. पटाच्या बैलाचा भाव हे एक विचित्र प्रकरण आहे. जिंकला त्या संध्याकाळी लोक शेत विकून घ्यायला येतात. हरला की दुसऱ्या दिवशी त्याच बैलाकडं बघून वय काढतात, “दात किती झाले?”

एकदा काकूनं काकांना समोर बसवून हिशेब समजावून घेतला.

“जिंकल्यावर का विकत नाही?”

“जिंकणारी जोडी कोण विकतं?”

“मंग हरल्यावर विका.”

“हरलेली कोण घेतं?”

काकूनं थोडा विचार केला. “म्हणजे विकायचा दिवस कोणता?”

काका म्हणाले, “तो पंचांगात अजून आलेला न्हाई.”

\*\*\*

शेवटी तो दिवस आला. त्या उन्हाळ्यात पाटलांच्या विहिरीलाही पाणी कमी पडलं आणि काकूला तिथून रिकामं परत यावं लागलं. घरी येऊन ती भांडली नाही, नुसती बसून राहिली. काकांनी आपण होऊन शब्द दिला, “घनसावंगीकडचा पट झाला की जोडी विकतो. विहीर बांधू.”

घनसावंगीकडचा पट म्हणजे गोदाकाठच्या बड्या बड्या देशमुखांच्या जोड्या. वजीर-पाखऱ्या त्या सगळ्यांच्या पुढं दोन छकड्यांचं अंतर ठेवून आले. मैदानावर लोकांनी काकांना आणि चांदभाईंना एकदमच खांद्यावर घेतलं. चांदभाईंना एका माणसानं, काकांना चौघांनी.

चौथ्या दिवशी त्यातल्याच एका देशमुखाचे कारभारी हसनाबादला हजर. सोबत दलाल उस्मानमियां; पांढरी दाढी, चाळीस वर्षं बैलांच्या बाजारात गेलेली. तो शुक्रवार होता, म्हणून मीही ओसरीवर होतो. पाटील होते, चांदभाई होते. काका गोठ्याकडं पाठ करून बसले होते.

बैलांचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल हातावर रुमाल टाकतो, रुमालाखाली विकणाऱ्याची बोटं धरतो, आणि जेवढी बोटं दाबली तेवढे शेकडे. बघणाऱ्याला आकडा कळत नाही, चेहरे वाचायचे. उस्मानमियांनी काकांच्या हातावर रुमाल टाकला. बोटं दाबली. काकांचे डोळे मोठे झाले. विहीर होऊन वर मोटेच्या पाण्याचं थारोळंही बांधता येईल, एवढा आकडा असावा. काकांनी मान खाली घातली. ती ‘हो’ म्हणायला हलणार, तेवढ्यात काकू पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली.

तिनं कारभाऱ्यांपुढं तांब्या ठेवला. “दादा, एक विचारू? यांचं पळणं सरलं, की मंग काय करता यांचं?”

“काय करायचं, बाई?” कारभारी पाणी पिता पिता म्हणाले. “दोन वर्षं पळतात. मग बाजारात काढून टाकतो. यंदाच तीन जोड्या काढल्या.”

“कोण घेतं?”

“घेणारा घेतो. आपण कशाला विचारायचं?”

काकू उभी राहिली. “उस्मानदादा, थांबा. घर माझं पण आहे.”

तिनं उजव्या हाताला पदर गुंडाळला, काकांच्या हातावरचा रुमाल उचलून आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. हसनाबादेत बाईमाणसानं रुमालाखाली हात दिल्याचं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. पाटलांच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. उस्मानमियांनी एकदा काकांकडं पाहिलं, एकदा वर आभाळाकडं, आणि रुमालाखाली हात घातला.

काकूनं बोटं दाबली. उस्मानमियां मान डोलावू लागले. तिनं पुन्हा दाबली. मान थांबली. तिनं आणखी एकदा दाबली, आणि दाबतच राहिली.  म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. मग हळूहळू दाढीच्या आत कुठंतरी हसू फुटलं. त्यांनी हात काढून घेतला, रुमालाची घडी घातली, ती काकूपुढं वाकून कपाळाला लावली आणि उठले.

“कितने?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“हुजूर, घोडा मंगवाइए. धूप चढने से पहले निकलेंगे.”

ते वाटेला लागले. चांदभाई डोळे पुसत होते. काकू गोठ्यात जाऊन वैरण टाकायला लागली. काका तिच्या मागं मागं गेले.

“अगं, पण सांगितलंस तरी किती?”

काकूनं मागं वळूनही पाहिलं नाही.

“तुम्हाला कशाला पाहिजे? घ्यायचेत का तुम्हाला?”