दुसऱ्या पियानोवरचा भास्कर

भास्कर गेल्याची बातमी मला मी शिकवतो त्या शाळेत, तिसऱ्या तासाला कळली. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या जुन्या मित्रांचा एक ग्रुप आहे, त्यावर त्याचा फोटो आला. भोवती फुलांची महिरप, खाली जोडलेले हात. सकाळी कामावर निघताना छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता लिहायला बसलोच आहे, तर लाज वाटते ती गोष्ट आधी लिहून टाकतो. फोटो पाहिल्यावर मला पहिल्यांदा हायसं वाटलं. रडू आलं, पण नंतर. त्याआधी काही क्षण मनात एवढंच होतं, की ती गोष्ट माहीत असलेला दुसरा माणूस आता उरला नाही. चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि मी सुटलो म्हणून श्वास सोडला... या गोष्टीला सहा आठवडे झाले. तो सुटलेला श्वास अजून माझ्या अंगावर येतो.

आम्ही दोघंही पांडेसऱ्याचे. दोघांचे वडील एकाच प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवण्याच्या खात्यात. आम्ही अमळनेरकडचे, भास्करचं घर बौद्ध, धुळ्याकडचं. दोन्ही घरांत अहिराणी चालायची, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती. अशा वस्तीतून पियानो वाजवणारी दोन माणसं कशी निघाली, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर साधं आहे. माझी आई नानपुऱ्यात फ्रेनीबाई नावाच्या पारशी बाईंकडे स्वयंपाकाला जायची. बाईंच्या हॉलमध्ये दोन पियानो होते, समोरासमोरच्या भिंतींना टेकवलेले. एक बाईंचा, एक त्यांच्या धाकट्या बहिणीचा. दोघी बहिणी रोज संध्याकाळी एकमेकींकडे पाठ करून बसायच्या आणि वाजवायच्या. बहीण गेली आणि दुसरा पियानो मुका झाला. सुरतेच्या दमट हवेत न वाजवलेला पियानो लवकर खराब होतो, म्हणून बाईंनी मला त्याच्यापुढे बसवलं. पुढे वर्षभराने म्हणाल्या, मला वाजवायचं होईना आता, हात दुखतात, तू अजून एक जण घेऊन ये. मी भास्करला घेऊन गेलो. तो यायला तयार नव्हता. "माले काय समजस त्यामा, भो?" म्हणत दारातच उभा राहिला होता. म्हणजे त्याला या सगळ्यात ओढलं ते मीच.

दोन पियानोंसाठी लिहिलेलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आपल्याकडे फार कुणी ऐकलेलं नसतं. सांगायला गेलं की लोक म्हणतात, म्हणजे जुगलबंदी! तसं ते नाही. जुगलबंदीत आयत्या वेळी सुचतं, एक जण दुसऱ्याला खेचतो, समोरचा उलटून उत्तर देतो. इथे सगळं आधीच लिहिलेलं असतं, दोघांच्या वाट्याचा एकेक स्वर ठरलेला. पण लिहिणाऱ्याने गंमत अशी केलेली असते, की वाक्य एकाच्या तोंडी सुरू होतं आणि दुसऱ्याच्या तोंडी संपतं. एकटा वाजवायला बसलात तर ते टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकल्यासारखं वाटतं. साथीदार कुणीच नसतो, दोघंही मुख्य. नाव मात्र पहिला पियानो आणि दुसरा पियानो असं असतं. बाईंनी मला पहिल्यावर बसवलं, कारण मी आधी आलो होतो. बाकी काही कारण नव्हतं. कान म्हणाल तर भास्करचा माझ्यापेक्षा चांगला होता. आम्हीही बहिणींसारखेच पाठमोरे बसायचो. सुरुवात करताना मी नाकाने श्वास घ्यायचो, तो तेवढ्यावर बरोबर माझ्यासोबत यायचा. पुढे पुढे मी श्वास घ्यायच्या आधीच त्याला कळायला लागलं.

बाईंचा एक नियम होता, आणि तो त्या पारशी गुजरातीत इतक्या वेळा सांगायच्या की आजही झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. "जे भूले, तेनी साथे जवानुं, डीकरा." जो चुकेल त्याच्याबरोबर जायचं. वाजवताना एकाची जागा चुकली, तर जो बरोबर आहे त्याने आपला बरोबरपणा धरून बसायचं नाही. आपलं सोडून द्यायचं, चुकणारा जिथे असेल तिथे त्याला गाठायचं, आणि तिथून दोघांनी मिळून पुढे जायचं. ऐकणाऱ्याला दोन माणसं वेगळी ऐकू आली की खेळ संपला. मी हा नियम मान डोलावून ऐकायचो. भास्करने तो अंगात मुरवून घेतला. मला वाटतं, तो मुळातच तसा होता, बाईंनी फक्त त्याला शब्द दिले.

आम्ही एकोणीस वर्षांचे असताना बाईंनी आमचा कार्यक्रम ठरवला. एका शाळेच्या हॉलमध्ये एक पियानो होताच, दुसरा बाईंचा टेम्पोतून न्यायचा. भास्करच्या वडिलांनी मिलमधून चार माणसं आणली आणि न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचे ताकेच्या ताके त्या पियानोभोवती गुंडाळले. रस्त्यात लोक थांबून बघत होते, एवढं मोठं गाठोडं कसलं म्हणून. मुंबईहून एक वयस्क शिक्षक येणार होते. त्यांना आमची जोडी आवडली तर दोघांनाही दोन वर्षं मुंबईत ठेवून शिकवायचं, असं त्यांचं बाईंशी पत्राने बोलणं झालं होतं. आम्ही दोघांनी मुंबईतल्या खोलीत स्वयंपाक कुणी करायचा इथपर्यंत ठरवलं होतं. भास्कर म्हणाला होता, भाकरी मी करीन, भांडी तू घास.

आम्ही स्टेजवर जायच्या अगदी आधी शाळेतले एक सर धावत आले. पाहुण्यांची गाडी लवकरची आहे, पाचेक मिनिटं कमी करा, म्हणाले. बाई तोवर पुढच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. अशा रचनांमध्ये एखादा भाग संपला की दोन ठिपक्यांची खूण असते. ती आली की मागे जाऊन तो सगळा भाग पुन्हा वाजवायचा. वेळ नसला तर वाजवणारे आपसात ठरवून तसेच पुढे जातात. मीच भास्करला म्हणालो, "पहिल्या भागात मागे जायचं नाही. सरळ पुढे." त्याने मान हलवली. हे बोलणं आम्हा दोघांतच झालं, सरही तोवर निघून गेले होते.

ती खूण आली आणि मी मागे गेलो. का गेलो ते विचारू नका. हातांना वर्षानुवर्षांची सवय होती, हात गेले. भास्कर ठरल्याप्रमाणे पुढे गेला. दोन मोजणीपुरता हॉलमध्ये नुसता चिखल झाला. मग त्याचा पियानो थांबला. मी घाबरून तसाच वाजवत राहिलो, आणि तिसऱ्या ओळीला तो अलगद येऊन मला मिळाला, जणू तिथेच उभा होता. पुढचं सगळं आम्ही चांगलं वाजवलं, खरं तर फारच चांगलं वाजवलं. पण लोकांनी पाहिलं ते एवढंच, की दोघांतला एक अडखळून थांबला आणि दुसऱ्याने न डगमगता पुढे नेलं.

आत आल्यावर बाईंनी विचारलं, "शुं थयुं?" काय झालं?  भास्कर माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, जाब विचारल्यासारखंही नाही... नुसता वाट बघत होता. मला बोलायला भरपूर वेळ होता. "बाई, मी चुकलो" हे तीन शब्द. मुंबईचे पाहुणे दारात उभे होते आणि मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. मग भास्करच म्हणाला, "मारी भूल थई, बाई." माझी चूक झाली. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. तू त्याला सांभाळून नेलंस, म्हणाले. महिन्याभराने पत्र आलं, त्यात एकच नाव होतं.

मी मुंबईला गेलो. निघताना उधना स्टेशनवर तो सोडायला आला होता, माझी वळकटी त्याच्या खांद्यावर. तेव्हाही सांगता आलं असतं. दोन वर्षांनी परत आलो, हळूहळू शिकवण्या मिळाल्या, पुढे आता ज्या शाळेत आहे तिथे नोकरी लागली. भास्कर सुरतेजवळच्या सचिन गावात एका प्रोसेस हाउसमध्ये कलर मास्टर झाला. गिऱ्हाइकाच्या चिंधीचा रंग बघून तसाच्या तसा रंग बनवायचा, हे त्याचं काम. त्यातही त्याचं नाव होतं. नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग असायचा. फ्रेनीबाई होत्या तोवर दर रविवारी तो नानपुऱ्याला जाऊन दुसऱ्या पियानोवर बसायचा, एकटाच. मी महिना महिना फिरकायचो नाही. कामात आहे म्हणायचो, आणि लोकांना ते खरंही वाटायचं.

आम्ही भेटत मात्र राहिलो, पर्वत पाटियाजवळच्या एका चहाच्या टपरीवर. एकदा मी धीर केला. "भास्कर, त्या दिवशी हॉलमध्ये..." एवढं म्हणालो असेन. त्याने कप माझ्याकडे सरकवला. "चहा थंडा व्हई ऱ्हायना." मी चहा प्यायलो आणि घरी येऊन स्वतःची समजूत घातली, की त्याने माफ केलं, विषय मिटला. किती सोयीची समजूत! त्याने माझी अडचण ओळखून मला वाट काढून दिली, आणि मी मागे वळून न बघता त्या वाटेने निघून गेलो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेने दुसरा पियानो घेतला. भास्करला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "एकदाव वाजाडूत ना भो आपण, पुरं." उभ्या जन्मात त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, हो, दिवाळीच्या सुट्टीत. मग परीक्षा निघाल्या, मग उन्हाळा, मग पुढची दिवाळी. खरं कारण मला ठाऊक होतं. ती जागा येईल आणि तो काय करेल, याची मला भीती वाटायची. मागे जाईल की पुढे? आणि शेजारच्या वर्गातल्या कुणी विचारलं की हे कोण, तर काय सांगू? त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पांडेसऱ्याला गेलो. वंदना झाली, जेवणं झाली, दुपारी मंडळी पांगली. भास्करची बायको, सुमनवहिनी म्हणाल्या, थांबा थोडं, प्रज्ञाला तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय. प्रज्ञा त्यांची मुलगी, कॉलेजात शिकते. बाहेरच्या खोलीत स्टँडवर एक साधा कीबोर्ड होता. ती बसली आणि वाजवू लागली... दुसऱ्या पियानोचा भाग, आमच्याच रचनेचा. जिथे माझं वाक्य यायला हवं तिथे ती बोटं उचलून थांबायची, ओठांतल्या ओठांत मोजायची आणि बरोबर वेळेला पुढचं वाजवायची. भास्करने तिला तसंच शिकवलं होतं. त्या घरात इतकी वर्षं रोज माझ्या वाट्याची जागा रिकामी ठेवून वाजवलं जात होतं, आणि मला शाळेतल्या एका दुपारसाठी त्याला बोलावता आलं नाही.

दोन ठिपक्यांची खूण आली, प्रज्ञा मागे गेली. मग थांबून हसली. "काका, इथे पप्पांनी मला खास शिकवलंय. इथे मागे जवानुं, पुढे नाही. पप्पा इथेच चुकले होते ना! तुम्ही सांभाळून घेतलं."

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, सर धावत आले तिथपासून.  चूक माझी होती, तो बरोबर होता, तो माझ्यासाठी थांबला. ती लक्ष देऊन ऐकत होती. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. माझं संपल्यावर प्रज्ञा उठली, आणि तिने माझा हात हातात घेतला. "बहु सारा छो तमे, काका," म्हणाली. फार चांगले आहात तुम्ही. "पप्पांचं नाव राहावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. पण पप्पा खोटं नाही बोलायचे." आणि ती मला थँक यू म्हणाली.

भास्करने घरात, पोटच्या मुलीलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. त्याचं म्हणणं तो इतका पक्का करून गेला आहे, की माझं खरं आता कुणाला खरं वाटत नाही. मी त्या घरातून मोठ्या मनाचा माणूस म्हणून बाहेर पडलो. जिन्यावर वहिनींनी डबा दिला, तोही घेतला.

म्हणून हे छापून सांगतो आहे. प्रज्ञा, पेपरची ही पुरवणी तुमच्याकडे येते, तू वाचशील. छापील वहीत तिथे मागे जायचंच आहे, त्यामुळे तू वाजवतेस ते बरोबर आहे. पण त्या दिवशी पुढे जायचं ठरलं होतं, ते मी ठरवलं होतं, आणि मीच विसरलो. तुझ्या पप्पांनी तुला एवढी एकच गोष्ट खोटी सांगितली, आणि ती माझ्यासाठी सांगितली. माझा चांगुलपणा समजू नकोस, बेटा. त्या हॉलमध्ये आम्हा दोघांत एकच जण चुकला, आणि तो पहिल्या पियानोवर बसला होता.