एकशे सत्तावीस दातांचं चाक

आमच्या चिंचवडच्या कारखान्यात भीमराज ओव्हाळ मिलिंग मशीन चालवायचा. चाकणकडच्या खेड्यातला, बौद्ध वस्तीतला, सातवी पास. अकरा वर्षं हा माणूस कुशल कामगाराचं काम करत होता आणि कागदावर मात्र हेल्परच! त्याची ट्रेड टेस्ट का लागत नाही, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही. १९७२ साली एकदाची ती लागली. पास झाला तर ग्रेड मिळणार होती. मी शेजारच्या लेथवर होतो, म्हणून पुढचं सगळं या डोळ्यांनी पाहिलं. आजही आठवलं की डोकं फिरतं.

बाकीच्या चौघांना सुपरवायझर दौलतरावांनी चाळीस नाहीतर साठ दातांचं गिअर दिलं, डोळे मिटून कापावं असं. भीमराजला म्हणाले, "तू एकशे सत्तावीसचं काप." माझ्या लेथचं तेच चाक फुटलं होतं. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर त्याच्यावाचून चालत नाही.

आता एकशे सत्तावीस ही मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, कशानंच भाग जात नाही; आणि बारा बारे एकशे चव्वेचाळीस, म्हणजे पुढं बघायलाच नको. मशीनवर सारखे भाग पाडायला भोकांच्या तबकड्या असतात. एकशे सत्तावीसला जुळणारी तबकडी आमच्याकडे नव्हतीच. दौलतरावांना हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं!

भीमराजनं पत्र्यावर खडूनं गणित मांडलं. "एकशेवीसला भाग जातो, तेच धरू. वरच्या सातांसाठी तबकडीच हळूहळू मागं सरकती ठेवू." छप्पन्न आणि चोवीस दातांची दोन चाकं त्यानं तबकडीला जोडली. आधी नुसत्या खुणा केल्या. मोजल्या तर एकशे तेरा! दौलतराव हसले.

"सात वाढायच्या जागी सात घटले," भीमराज म्हणाला. "गणित बरोबर हाय साहेब, तबकडी उलट्या अंगानं फिरतीय." मधे आणखी एक चाक घालून त्यानं कापायला घेतलं.

दौलतरावांनी दात तीनदा मोजले. एकशे सत्तावीस. माझा लेथ अडलेला, तेव्हा तपासणीच्या चिठ्ठीवर 'योग्य' लिहून सही ठोकली. चाक दुपारीच लेथवर चढलं आणि आटे अचूक पडले. मग टेस्टच्या कागदावर लिहिलं, 'नापास. रीत अभ्यासक्रमात नाही.' खाली पुन्हा सही. लाज कशी वाटली नाही या माणसाला!

भीमराजनं दोन्ही कागद मागून घेतले आणि नोटीस बोर्डावर शेजारीशेजारी टाचले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शॉपमधले झाडून सगळे कामगार तिथं गोळा झाले. दौलतराव तावातावानं आले. "काढ आधी ते!"

"दोन्हीवर सही तुमचीच हाय ना साहेब?" भीमराज म्हणाला. "मग त्यातली खोटी कोणती, ती तुमीच काढा."