काळ्या कोटावरच्या खपल्या

डोक्याच्या गोळ्यांनी मास्तरचं मन कित्येक वर्षं ताळ्यावर ठेवलं होतं. मोबदल्यात कातडी घेतली. कोपरांवर लाल चट्टे, त्यांतून गळणाऱ्या पांढऱ्या खपल्या. बोटंही थरथरायची, सुई ओवताना दोरा हमखास चुकायचा. डॉक्टरांनी मलम दिलं, पण गोळी सोडू नका म्हणून बजावलं. मास्तरला ते सांगायची गरज नव्हती. एकदा सोडली होती, तेव्हा गिऱ्हाइकांचे कपडे कातरून तो गच्चीच्या कठड्यावर चढला होता. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून तो मुकाट खाजवत बसायचा.

शिवणकामाचं दुकान थोरल्या भावाचं. मोठा साळसूद माणूस. गिऱ्हाइकासमोर "आमच्या धाकट्याच्या हातात जादू आहे," आणि पाठ वळली की "काळ्या कापडाला हात लावू नकोस, चुना सांडल्यासारखं दिसतं." मास्तरला त्याने पडद्यामागे बसवलं होतं, पांढरे सदरे शिवायला. लाज कशाशी खातात हे भावाच्या गावीही नव्हतं. गोळ्या तोच आणून डबीत भरायचा आणि हे उपकार गल्लीभर सांगायचा.

हल्ली चट्टे फिकटले, तसा भावाने स्वतःच्या कोटाचं काळं कापड त्याच्यापुढे टाकलं. मास्तर खुलला. झोप उडाली होती, डोक्यात कल्पना मावत नव्हत्या, मशीन थांबत नव्हतं. शेवटचं बटण लावायला घेतलं आणि दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला. काढून पुन्हा ओवला. पुन्हा गेला. बोटं जराही हलत नव्हती.

गोळी पोटात असताना ती अशी कधी थांबली नव्हती. रोज पाण्यासोबत गिळायची ती गोळी त्याने चावून पाहिली. नुसता खडू.

"दादा, डबीत काय भरलंयस?"

"कॅल्शियम. कातडी बघ, हात बघ. भलं केलं तर वर मलाच विचारतोस?"

"मी कठड्यावर चढलो होतो, विसरलास?"

"जुनं काय उगाळतोस? गिऱ्हाइकं नाक मुरडतात, ते कोण निस्तरणार?"

मास्तरला त्याची किळस आली. स्वतःच्या कातडीची कधी आली नव्हती इतकी. त्याने कोट भावाच्या अंगात चढवला, बटणं लावली. कोट अगदी बेतशीर बसला. मग उघडं कोपर त्या काळ्या खांद्यावर खसाखसा घासलं. उरल्यासुरल्या खपल्या भुरभुरल्या.

"असाच औषधाच्या दुकानात जा आणि माझी गोळी आण," तो म्हणाला. "आणि ही कात्री सोबत ने. आज ती माझ्याजवळ नको."