धागा देणारी

मागावर नवा ताणा चढवला की त्याचा प्रत्येक धागा फणीतून ओवून घ्यावा लागतो. हे काम दोघांचं. एकानं मागाच्या पाठीमागं बसून धागा पुढे करायचा, दुसऱ्यानं समोरून आकड्यानं तो ओढून घ्यायचा. आमच्या घरी तीस वर्षं धागा देणारी मी, घेणारे हे. मधे कोशाच्या रेशमाचे हजारो धागे. चेहरा दिसत नसे, बोटं तेवढी दिसत.

शाळेच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाले, तेव्हा यांनी धाग्यांची टोकं ओळीनं एका काडीला बांधून एकट्यानं ओवायची सोय केली.

"जा, वाचत बस. आता तुही गरज नाही," म्हणाले. मला आनंदच झाला.

माघातल्या एका दुपारी मी शेजारच्या खोलीत वाचत होते. माग चालता चालता थांबला असता तर मी उठले असते. पण ओवणीला आवाज नसतो. चहा घेऊन गेले तेव्हा हे फणीला कपाळ टेकून बसले होते. आकडा बोटांतच होता. हात गार.

मुलगी आली. ती विमानात सहवैमानिक आहे. तेरवीच्या दिवशी कोंढा गावचे माझे दीर पेपरची घडी करत तिला म्हणाले, "काहून वो, विमानात आता एकच पायलट ठेवाचा म्हनतेत. तुही खुर्ची गेली म्हन की! मंग ये आमच्या इकडे, धान रोवाले."

ती कसनुसं हसली. "वाद चालूच हाय, काका. चालवता तं एकालेही येते. पन दुसरा कायले असते सांगू? दोनदा विचारलं अन् बाजूचा बोलला नाही, तं समजाचं, याले काहीतरी झालं. मंग विमान आपल्या हाती..."

माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती थांबली.

संध्याकाळी म्हणाली, "आई, डॉक्टर बोलले ना, काहीच करता आलं नसतं."

"नसेल," मी म्हटलं. "पण मले समजलं तरी असतं."

जायच्या आदल्या दिवशी ती यांच्या जागी बसली. लहानपणी शिकली होती. मी पाठीमागं गेले. काडी सोडली, धागा पुढे केला. तिनं घेतला. दुसरा घेतला. बरेच धागे झाले आणि एकदा तिची बोटं आलीच नाहीत.

"घेतला का, बाई?"

काही नाही.

"बाई, घेतला का?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "हो, आई. दे."