चार भावांच्या फुलांची वेबसाईट

शिरूरच्या एसटी स्टँडमागं, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक कॉम्प्युटर, एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यातली एक गिऱ्हाइकासाठी, म्हणजे बहुतेक रिकामीच. बोर्ड मात्र असा रंगवून घेतला होता, की खालून वाचणाऱ्याला वाटावं वर शंभर माणसं राबतायत: 'धम्मदीप वेब सोल्युशन्स. तुमचा धंदा जगाच्या पाठीवर.' पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यानं ही हवा डोक्यात गेली होती. साल दोन हजार सहा. लाईट असली की फोनची लाईन नसायची, आणि दोन्ही असले की गिऱ्हाईक नसायचं.

"काय तरी कॉम्प्युटरवर करतंय," माझी आई ताईबाई शेजारणींना सांगायची. "दिवसभर बसूनच असतंय, पर दमतंय लई."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मांडवगण फराट्याचे बबनराव. चौघा भावांचं एकत्र पॉलीहाऊस होतं, त्यात जरबेराची फुलं. आले ते हातात फोटोंची भरगच्च पिशवी घेऊनच.

"चौकात फ्लेक्स लावला की आठ दिसांत वाऱ्यानं फाटतोय," ते म्हणाले. "इंटरनेटवर वारं न्हाई. तवा आपल्याला बी एक वेबसाईट काढून दे."

पिशवीतून एकेक माणूस टेबलावर यायला लागला. गॉगल लावून, मोबाईल कानाला धरून उभे असलेले खुद्द बबनराव. मग वयाच्या मानानं तिघं भाऊ. मग चुलते, थोरले आधी. मधोमध वारलेले आजोबा, डोक्यामागं तेजोवलय. मग पाव्हणे, मग एक पुतण्या, त्याच्या खाली 'युवा नेते' लिहायचं होतं. आप्पा, ही वेबसाईट आहे, वाढदिवसाचा बोर्ड नाही, असं मी तिथंच म्हणायला हवं होतं. पण पहिलंच गिऱ्हाईक! मी म्हणालो, "आप्पा, मेव्हण्यांचा फोटो राहिला की."

तोही आला. फुलं सगळ्यात खाली बसली, मेव्हण्यांपेक्षा लहान.

मग प्रश्न आला फोन नंबरचा. चार भाऊ, चार मोबाईल. थोरल्याचा टाकला तर धाकट्यांची तोंडं वाकडी. चारही टाकले तर पहिला कुणाचा? बबनरावांच्या पडवीत दोन बैठका झाल्या. एकीत चहा झाला, दुसरीत नुसतीच आदळआपट. शेवटी चौघांचं एकमत झालं की नंबर नकोच.

"ज्याला फुलं पायजेत त्यो हुडकत ईल की," बबनराव म्हणाले. आणि मी, वेब सोल्युशन्सचा मालक, मान डोलावली. 'संपर्क: मांडवगण फराटा' एवढं लिहिलं आणि मोकळा झालो.

वेबसाईट सुरू झाल्यावर आख्खी भावकी शिरूरच्या सायबर कॅफेत लोटली. प्रत्येकाला आपापला फोटो बघायचा होता. पानाच्या तळाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आकडा होता, तो भराभर पळायला लागला. आपण मोठं यश मिळवलंय, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली.

त्या यशाच्या जोरावर मी दौंडला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील साळवेमामा रेल्वेत होते, क्वार्टरमध्ये राहायचे. मुलीचं नाव गौतमी. पोह्यांच्या बशा ठेवून ती समोर बसली आणि तिनं सरळ विचारलं, "तुम्ही बनवलेली वेबसाईट बघून कुणी काही विकत घेतलंय का?"

मी घसा साफ करून भाषण सुरू केलं. जग जवळ आलंय, माहितीचा महामार्ग, ग्लोबल मार्केट. ती ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. हसण्यात कुजकेपणा अजिबात नव्हता, आणि तिथंच मी गारद झालो. आजवर माझ्या भाषणाला कुणी इतकं नीट ऐकून हसलं नव्हतं. परतीच्या एसटीत मी आईला म्हणालो, "हीच." आई म्हणाली, "तुझं झालं रं, त्यांचं हूं दे की."

साळवेमामा सावध माणूस. आधी वेबसाईट बघतो, मग कळवतो, असं म्हणाले होते. थोड्या दिवसांनी ऑफिसच्या लाईनवर त्यांचा फोन आला.

"कॅफेत गेल्तो. एकेक फोटो सावकाश उघडत हुता. तुमचे त्ये पावणेरावळे समदे बघितले. एक मानूस गॉगल लावून फोनवर बोलतोय, पर त्येचा नंबरच न्हाई. फुलं कुठं हायत बाबा?"

"खाली आहेत मामा."

"खाली जाईस्तवर माझा तास संपला." मग मामा समजुतीनं म्हणाले, "पोरगा चांगला हायेस तू. पर हे चालतंय का, ते कळू दे. एका मानसानं जरी त्यावरनं काय घेतलं ना, तर मला सांग. मग फुडचं बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कॅमेरा घेऊन मांडवगणला गेलो. पॉलीहाऊसमध्ये गुडघ्यावर बसून फुलांचे फोटो काढले. ऑफिसात येऊन सगळी माणसं एका झटक्यात पुसली. वर फुलं, खाली भाव, त्याखाली फोन नंबर. कुणाचा टाकायचा यावर डोकं लढवण्यात अर्थ नव्हता. माझ्याच मोबाईलचा टाकला.

चार दिवसांत बबनराव जिना चढून वर आले. "आरं, आमच्या आज्ज्याला काढलंस? मेलेल्या मानसाला काढलंस?"

"आप्पा, गिऱ्हाइकाला फुलं दिसायला पाहिजेत."

"आन् नंबर कुनाचा घातलाय?"

"माझा."

त्यांनी खुर्ची ओढली, विचार केला, आणि चेहरा उजळला. "तुझा व्हय? मग झ्याक झालं. कुनाचं त्वांड वाकडं व्हायचं न्हाई."

मग मी वाट बघायला लागलो. फोन उशाशी, फोन जेवणाच्या ताटाशेजारी. कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचा यायचा. आईचा यायचा, जेवायला येतोस का म्हणून. फुलांचा येत नव्हता. मामांना फोन करावा असं रोज वाटायचं. पण सांगणार काय? एक गिऱ्हाईक येऊ दे, मग रुबाबात सांगू, असं म्हणत उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळीही झाली.

आणि एका दुपारी फोन वाजला. दौंडचा कोड.

"जरबेरा मिळंल का? इष्टेजच्या डेकोरेशनला पायजे."

मी ठेवणीतला आवाज काढला. "नक्की मिळेल सर. कार्यक्रम काय आहे आपला?"

"मुलीचं लग्न."

आवाज ओळखायला मला तेवढाच वेळ लागला. "मामा?"

"कोन, धम्मदीप? मला वाटलं, मालकाचा नंबर आसंल." ते खाकरले. "आता झटक्यात उघडती रं वेबसाईट. आधी फुलंच दिसत्यात. गौतमीनंच पसंत केली फोटो बघून. पांढरी, कडंनं पिवळी."

आता मला रुबाबात सांगायचं होतं, की मामा, एका माणसानं घेतलं बघा. पण ते त्यांना माहीत होतं.

"मुलगा पुण्यात बँकेत हाय," मामा हळू म्हणाले. "तुझ्या फोनची लई वाट बघितली रं. गौतमी बी दोनदा म्हनली, त्या वेबसाईटवाल्यांचं काय झालं, इचारा की. मी म्हनलं, त्यानंच फोन करायचाय."

जगाला संपर्क कसा साधावा हे शिकवायला मी दुकान काढलं होतं. तिकडं दौंडला दोन माणसं माझ्या एका फोनची वाट बघत होती, आणि मी इकडं फोन छातीशी धरून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो होतो. माझ्याइतका गाढव माणूस शिरूर तालुक्यात दुसरा नसेल. मी ऑर्डर लिहून घेतली.

लग्नाच्या सकाळी बबनरावांच्या पिकअपमधून फुलं घेऊन मीच गेलो. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण फुलं नीट पोचायला हवी होती. हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुलं चढत होती. मी बादल्या उचलून देत होतो. डेकोरेशनवाला मला त्यांच्यातलाच समजून हुकूम सोडत होता, आणि मी ऐकत होतो.

गौतमी पांढऱ्या साडीत बाजूच्या खोलीतून बाहेर आली. स्टेजकडं बघत क्षणभर उभी राहिली. मग मी दिसलो. तिनं मला ओळखलं, आणि हसली नाही.

"साईटवर दिसत होती, अगदी तशीच आहेत," ती म्हणाली.

माझ्या कामाचं इतकं चांगलं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं. मी हातातली बादली खाली ठेवली.

"थँक्यू मॅडम," मी म्हणालो.