कोणता तुंबा?

निकाल लागले की पोरंपोरी माझ्याकडे येतात, हातात लॉ कॉलेजांची चकचकीत माहितीपत्रकं. "मॅडम, कुठलं घेऊ?" मी आधी कुणीही सांगेल ते सांगते. बार कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः तपासा, हजेरी नुसती कागदावर लागते का ते तिथल्या पोरांना विचारा, ग्रंथालयातल्या पुस्तकांवर किती धूळ आहे ते बोट फिरवून बघा. मग विचारते, तिथले शिकवणारे कोर्टात उभे राहतात का? पोरं माहितीपत्रकातली इमारत दाखवतात. माझं डोकं फिरतं. इमारतीचे फोटो काय चाटायचेत?

माझं कॉलेज मी एका फुटलेल्या डोक्यापायी निवडलं.

मी बीएच्या पहिल्या वर्षाला चंद्रपुरात होस्टेलवर होते. गावी मोहफुलांचे दिवस. आई सकाळी बांधावरच्या मोहाखाली फुलं वेचत होती. शेजारच्या शेतवाल्याचं म्हणणं, झाड त्याचं. त्याने आईचा अंबाडा धरून तिला फरफटत नेलं, काठीने झोडपलं, मनगट मोडलं आणि तिचं तोंड मातीत दाबून धरलं. माझा मोठा भाऊ जंगलात निघाला होता, खांद्यावर कुऱ्हाड, हातात पाणी. तो धावला. एकच फटका. त्या माणसाच्या कानशिलाचं हाड आत गेलं, नाकातोंडातून रक्त आलं, एक डोळा कायमचा गेला. मला त्याची कीव आली नाही. आईचं काळंनिळं तोंड बघितलं तेव्हा वाटलं, दुसरा तरी कशाला ठेवला? आज वकील आहे म्हणून हे लपवणार नाही.

भावाला जामीन मिळाला नाही. दोन वर्षांनी खटला उभा राहिला, खुनाच्या प्रयत्नाचा. आईचं तोंड मातीत, तिला काही दिसलं नव्हतं. ज्याला लागलं त्याला कशाने लागलं ते आठवत नव्हतं. बघणारी एकच, पलीकडच्या बांधावरची गोंड म्हातारी. पिंजऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "यानं त्याले तुंब्यानं हाणलन."

आमच्याकडे तुंबा म्हणजे दोन गोष्टी. एक, वाळवून पोखरलेला भोपळा, ज्यात पाणी भरून माणूस जंगलात जातो. दुसरी, कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू. कागदावर उतरलं 'कुऱ्हाडीच्या तुंब्याने'. मी मागच्या बाकावर ताडकन सरळ झाले. आता आपला वकील विचारेल, आजी, कोणता तुंबा? वकील तरुण होता, मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजातून शिकून आलेला. त्याने शेजारी बसलेल्या वकिलाला हळूच विचारलं, "तुंबा म्हणजे?" आणि ओठ दाबून हसला. मग उठून त्याने पुस्तकातले प्रश्न विचारले. तुम्ही किती फुटांवर होता? उजेड किती होता? म्हातारीला फूट कुठला माहीत! भावाला त्याने एकच पढवलं होतं, न्यायाधीश काहीही विचारोत, 'खोटं आहे' म्हणायचं. भाऊ पोपटासारखं म्हणत गेला.

भावाला सात वर्षांची शिक्षा लागली. व्हरांड्यात मी त्या वकिलाच्या कानाखाली वाजवली. त्याचा चष्मा फरशीवर फुटला. शिपाईबाईने माझा हात पाठीमागे पिरगळून मला फाटकापर्यंत ढकलत नेलं, खांदा आठवडाभर उचलत नव्हता. मारणं चूकच होतं. पण खोटं कशाला बोलू, तळहाताला बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी बीए झालं आणि मला पुण्याकडच्या एका नामांकित कॉलेजात जागा मिळत होती. बघायला गेले. तिथे सरावाच्या खोट्या खटल्यांसाठी खरं वाटावं असं कोर्ट बांधलेलं, गार हवा, सागवानी खुर्च्या. सागवान बहुतेक आमच्याच आलापल्लीच्या जंगलातलं. मी विचारलं, "इथे साक्षीदार होतं कोण?" दाखवणारा मुलगा म्हणाला, "आम्हीच. इंग्रजीत." मी तिथला चहासुद्धा न पिता निघाले.

चंद्रपूरच्या कॉलेजाला पत्र्याचं छप्पर होतं. वर्ग सकाळी, कारण अकरा वाजता शिकवणारे काळा कोट चढवून कोर्टात पळत. प्रवेश देणाऱ्या सरांनी विचारलं, वकील का व्हायचं? माझा राग तोंडातून बाहेर पडला. म्हटलं, "माझ्या भावानं एका माणसाला तुंब्यानं मारलं म्हणून."

सरांनी पेन खाली ठेवलं. "कोणता तुंबा?"

मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. फॉर्म तिथेच भरला.

त्याच आठवड्यात तुरुंगात गेले. जाळीला तोंड लावून म्हटलं, "भाऊ, अपील व्हायचं आहे अजून. पाण्याचा तुंबा मारला असशील, तो दगडावर आदळला असेल. सांग ना, तसंच झालं ना?"

त्याने मान हलवली. "नाई वं बाई. कुऱ्हाडीचाच होता."

मी जाळीवरचं तोंड मागे घेतलं.

"आईले तसं पाह्यलो अन् धारच उचललो होतो. डोकं दोन फाक झालं असतं त्याचं. खाली येता येता वाटलं, मरून जाईल हा. म्हणून दांडा फिरवलो, धार मागं केलो."

जीव घ्यायचा नव्हता, म्हणून दांडा फिरवला. सगळा खटला या एका वाक्यावर फिरला असता. भोपळ्याची गरजच नव्हती. मी ओरडले, "हे कोर्टात काऊन नाई सांगितलंस?"

"वकील म्हणे, सगळ्याले खोटं हाय म्हण. अन् मले इचारलं कोणं?"

मी दर महिन्याला त्याला भेटायला जात होते. जेवतोस का, आत मारतात का, एवढंच विचारत आले होते.

त्याने जाळीतून बोटं बाहेर काढली. "आता सांगितलं तं चालते का, बाई?"

माझा पहिला वर्ग सोमवारी होता. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी त्याचा प्रश्न लिहून ठेवला.